वडिलांच्या नावाचा रकाना

१

परीक्षेचा अर्ज तीन पानांचा होता आणि जेबाने तो आपल्या रेखीव अक्षरात जवळजवळ सगळा भरला होता. नाव, पत्ता, जन्मतारीख, बारावीचे गुण, पदवीचे गुण, सगळं जिथल्या तिथे. फक्त 'वडिलांचे संपूर्ण नाव' हा रकाना रिकामा होता. नुसता रिकामा असता तर मनकर्णाबाईंनी लक्षही दिलं नसतं. पण पेनाचं टोक टेकून टेकून त्या जागी कागदाला चार बारीक भोकं पडली होती.

मनकर्णाबाईंनी एकतीस वर्षं अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त-लघवी तपासण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर त्या अमरावतीला आल्या आणि क्लाससाठी येणाऱ्या मुलींना वरची खोली देऊ लागल्या. प्रत्येक कागद दोनदा वाचायची नोकरीतली सवय मात्र सुटली नाही. जेबा अकोटची. बाप गादी-रजया भरणारा पिंजारी, आई घरी शिवणकाम करणारी. घरातली पहिलीच पदवीधर.

"जेबा, सोमवारी शेवटची तारीख ना व याची?"

"भरते मावशी."

"बापाचं नाव लिवाले पेन काहून अडला?"

जेबाने मोबाइल पुढे केला. पडद्यावर दोन गोल होते, एक निळा, एक केशरी. एकाखाली जेबाचं नाव, दुसऱ्याखाली अब्दुल सत्तार मन्सूरी. दोन्हींच्या मध्ये एक बारीक ओळ: 'जैविक नाते आढळले नाही.'

"आता तुमीच सांगा," जेबा म्हणाली, "कोणाचं नाव लिहू?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन महिन्यांपूर्वी क्लासच्या फाटकाशी एका कंपनीचा ठेला लागला होता. नळीत लाळ द्या, आपले पूर्वज कुठून आले ते जाणा. जेबाने हौसेने दोन नळ्या घेतल्या, एक स्वतःची, एक अब्बांची. अब्बांना आपल्या कसबाचा आणि खानदानाचा भारी अभिमान. ते खुशीने तयार झाले. आठ दिवसांपूर्वी अहवाल आला तो दोघांच्याही मोबाइलवर, एकाच क्षणी. त्या दिवसापासून अब्बा दुकानातच झोपत होते. अन् उद्या, शनिवारी सकाळी, बाळापूरहून मामू येणार होता, अम्मीला कायमची माहेरी न्यायला.

"अन् अम्मी काय म्हणते?"

"काईच नाई. रडत नाई, भांडत नाई. तेच मले भेव वाटून राह्यलं."

मनकर्णाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. शुक्रवार, सकाळचे नऊ. त्यांनी चप्पल घातली.

२

ठेल्यावरच्या मुलाचं नाव रोहित. टेबल, लॅपटॉप, पाठीमागे दात दाखवून हसणाऱ्या कुटुंबाचा फलक.

"या मॅडम. नातवासाठी का? इंजिनिअरिंग की मेडिकल, लाळेतच दिसतं."

"नातू दोन वर्साचा हाय. त्याची लाळ आमी फडक्यानं पुसतो. तू ह्या पोरीचं पाह्य."

रोहितने अहवाल उघडला, आणि त्याचं हसू जरा आवरलं. "सॉरी मॅडम. पण सायन्स आहे हे. मशीन खोटं बोलत नाही."

"मशीनसंगं मी एकतीस वर्सं संसार केला बापा. तिले मी ओळखते. नातं शोधा असं कोणी सांगतलं होतं?"

"आम्ही तर पूर्वजांचंच मागतलं होतं," जेबा म्हणाली.

"तो एक चौकोन असतो. मी सगळ्यांचाच टिक करतो. फुकट आहे, लोकांना आवडतं."

"सत्तारभाईले पुसलं होतं?"

"त्यांच्या मोबाइलवर ओटीपी आला, तो हिनेच फोनवर घेऊन मला सांगितला. संमती झाली ना."

जेबाने मान खाली घातली. मनकर्णाबाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"नळी भरताना पाह्यलं कोणी?"

"कोण पाहणार? घरबसल्या होते, तीच तर सोय."

मनकर्णाबाईंना आपल्या जुन्या खिडकीची आठवण झाली. 'तुम्ही अमुक का?' असं त्यांनी कधी कोणाला विचारलं नव्हतं, कारण दवाखान्यात घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. 'नाव सांगा' असंच विचारायचं, त्याच्या तोंडून नाव ऐकायचं, आणि मग त्याच्यासमोर नळीवर लिहायचं. एकतीस वर्षांत एकही नळी इकडची तिकडे झाली नव्हती. याबद्दल कोणी कधी शाल-नारळ दिला नाही. पण मनातल्या मनात त्या ती शाल रोज पांघरत.

"नळ्या तिथं पोचल्या तवाची नोंद असन ना?"

रोहितने ती दाखवली. त्यांनी डायरीत उतरवून घेतली. जेबाची नळी: पुरेशी, स्वच्छ, रंगहीन. अब्दुल सत्तार यांची नळी: पुरेशी, स्वच्छ, रंगहीन.

"फ्री रिटेस्ट देतो मॅडम," रोहितने दोन नवे डबे पुढे केले. "पंधरा दिवसांत दूध का दूध."

पंधरा दिवस होते कुठे? तरी त्यांनी डबे पिशवीत टाकले आणि दर्यापूरमार्गे अकोटला जाणारी एसटी पकडली. वाटेत जेबाच्या मोबाइलवर बापाचा अहवाल पहिल्यापासून वाचला. चौथ्या पानावर किरकोळ गोष्टींची यादी होती. दूध पचते. टक्कल पडण्याचा संभव कमी. लाल व हिरव्या रंगांतील फरक ओळखण्यात अडचण: होय. कानातला मळ कोरडा. पाचव्या पानाचं नाव होतं 'पुढील आयुष्यातील आजारांची शक्यता'. त्यावर टेकवलेलं बोट त्यांनी मागे घेतलं. न मागितलेली तपासणी वाचायची नाही, हाही त्यांचा जुना नेम.

३

बिल्कीसची पेटी अर्धी भरून झाली होती. घडी घातलेला एकेक कपडा ती अशी ठेवत होती, जणू दुकानात मांडते आहे. तिने चहा केला, बशीत बिस्किटं ठेवली, आणि मगच समोर बसली.

मनकर्णाबाईंनी दोन डबे मांडले. "बाप-लेकीनं पुन्हा नळी भरायची. तुले काई करा लागत नाई."

बिल्कीसने एका बोटाने डबे परत सरकवले.

"बाई, ह्या नळीत कोणीबी थुंको, ते माह्याच तोंडावर येते."

जेबा म्हणाली, "पण अम्मी, खरं काय ते तरी..."

"खरं मले माहीत हाय. ज्याले माहीत नाई त्यानं पुसावं." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "तेवीस वर्सं झाली निकाहाले. मले पुसलं असतं तर मी भांडली असती, चार भांडे फेकले असते, मंग भाकर वाढली असती. त्याईनं मोबाइल दाखवला अन् गादी उचलली. आता मशीननं मले पास केलं, तरी उमरभर ते मशीनवरच भरोसा ठेवतीन. माह्यावर नाई. तसं घर मले नको."

मनकर्णाबाईंनी डबे परत पिशवीत टाकले. सोपी वाट बंद झाली होती, आणि ती बंद करणारी बाई चुकत होती असं त्यांना म्हणवेना. उलट मनातून त्यांना तिचा हेवाच वाटला.

"सत्तारभाईची तब्येत बरी राह्यते ना?" त्यांनी विषय बदलला.

"आता बरी हाय. दोन वर्साआंधी तोंडात पांढरा चट्टा आला होता. डाक्टर म्हणे, तंबाखू-सुपारीचा तो खर्रा सोडा, नाई तर कापा लागन. मी त्याईचा हात जेबाच्या डोक्यावर ठेवला अन् कसम घ्याले लावली. तवापासून खर्र्याले शिवले नाई." एवढं सांगताना मात्र तिच्या चेहऱ्यावर आठ दिवसांत पहिल्यांदा उजेड आला.

"उद्या किती वाजता येते तुहा भाऊ?"

"आठच्या गाडीनं."

४

सत्तारभाईंच्या दुकानात पिंजण्याचं यंत्र चालू होतं आणि हवेत रुई तरंगत होती. उंबऱ्यात उभ्या असलेल्या मनकर्णाबाईंच्या केसांवर दोन मिनिटांत बर्फ पडल्यासारखं झालं. त्यांना पाहून सत्तारभाईंनी यंत्र थांबवलं, अदबीने खुर्ची झटकली. मग नजर त्यांच्या पदरावर गेली.

"काठाची किनार नंतर लावली, बाई? धागा मूळचा नाई. हिरवाच हाय, पण जरासा फिका."

मनकर्णाबाई चकित झाल्या. ती किनार त्यांनी स्वतः रंग जुळवून जुळवून शिवली होती. आजवर कोणाच्या लक्षात आली नव्हती.

"तीस वर्सं झाले खोळी अन् धागे जुळवून राह्यलो," सत्तारभाई म्हणाले. "नजर हेच तर आमचं भांडवल."

रस्त्यापलीकडे ओमप्रकाशचा भाजीचा ठेला होता. कोणी गिऱ्हाईक लाल मिरची मागत होतं. सत्तारभाईंनी मान वळवून हाक दिली, "ओम, डावी टोपली." आणि पुन्हा बोलण्याकडे वळले.

"जेबा माही पोरगी हाय, बाई. ते मशीनले पुसून ठरलं नाई अन् मशीननं मोडतबी नाई."

"मंग घरी काहून जात नाई?"

ते बराच वेळ हातातली रुई विंचरत राहिले. "घरी गेलो तं बिल्कीस समोर बसते. तिले पुसा लागन. जवाबाचं भेव नाई मले. सवालाचीच शरम वाटते."

बोलताना दात दिसले. दातांच्या मुळाशी तपकिरी रेघा होत्या आणि ओठाच्या कोपऱ्यात सुपारीचा बारीक कण. त्यांची नजर ज्या उशीकडे पुन्हा पुन्हा जात होती, तिच्या खोळीत मनकर्णाबाईंनी शांतपणे हात घातला आणि खर्र्याची पन्नी बाहेर काढली.

सत्तारभाईंनी ती घाईने खिशात कोंबली, मग ते उठून दाराशी गेले, रस्त्याकडे पाहून आले. "बिल्कीसले सांगू नका."

"ते मंग पाहू. ज्या दिवशी नळी भरली, त्या दिवशी हे तोंडात होतं?"

"चूळ भरली होती. दोनदा. तरी लालट उतरलंच."

"मंग?"

"कागदावर लिवलं होतं, का फेस बसल्याबिगर झाकण लावू नका. इथं तं रुई उडते. नळीत पडन म्हणून समोर ओमच्या ठेल्यावर ठेवली अन् दुपारच्या नमाजले गेलो. आलो तं कुरियरवाला हॉर्न वाजवून राह्यला होता. तसंच झाकण लावलं, डबा देऊन टाकला."

"झाकण लावताना आत पाह्यलं?"

"थुंकीत काय पाह्याचं, बाई?"

मनकर्णाबाईंनी डायरी उघडली. आपणच लिहिलेला शब्द त्यांनी दोनदा वाचला, जसं नळीवरचं नाव वाचत तसा. मग रस्त्यापलीकडे पाहिलं.

"सत्तारभाई, थोडा वेळ आत बसून राहा. मी हाक देईन तवाच या."

५

ओमप्रकाश पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा माणूस. टोमॅटो अंगठ्याने दाबून, नाकाशी नेऊन निवडत होता. त्याची बायको माणिकबाई मागे मेथीच्या जुड्या बांधत होती.

"पावभर लाल मिरची द्या," मनकर्णाबाई म्हणाल्या.

त्याने सवयीने पलीकडे पाहिलं. सत्तारभाईंचं दार रिकामं होतं. त्याचा हात दोन टोपल्यांवर घुटमळला. मग त्याने एक मिरची मोडली, हुंगली, आणि बरोबर लाल मिरच्यांच्या टोपलीत मूठ घातली.

माणिकबाई जुडी बांधता बांधता थांबली होती. मनकर्णाबाईंनी तिच्याकडे पाहून मान हलवली, एवढीच की काळजी करू नको.

"नाक मोठं तेज हाय तुमचं," त्या म्हणाल्या.

"भाजी डोळ्यानं घेते तो फसते, बाई. मी तं अंधारातबी सांगीन का हे वांगं कवळं का जून. अकोटात विचारा कोणालेबी."

"मानलं. आता एक गोष्ट सांगा. सत्तारभाईनं इथं एक नळी ठेवली होती ना, महिन्याभराआंधी?"

ओमप्रकाशच्या हातातलं वजन तराजूवर आपटलं. त्याने बायकोकडे पाहिलं, मग बिल्कीसच्या गल्लीकडे.

"भाभीले समजलं का?"

"काय समजलं?"

"म्या कोणाले नाई सांगतलं. सत्तारलेबी नाई." त्याने गळ्यातल्या उपरण्याने तोंड पुसलं. "पण म्या जे केलं ते दोस्तीपायी केलं, बाई. अन् पुन्हा तशीच येळ आली तं पुन्हाबी करीन."

"मंग चला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "हेच बिल्कीससमोर सांगा."

६

पेटीला कुलूप लागलं होतं. सत्तारभाई आठ दिवसांनी आपल्या घरात आले ते पाहुण्यासारखे, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. बिल्कीसने त्यांच्याकडे पाहिलं नाही. जेबा आईमागे उभी राहिली. ओमप्रकाश चपला हातात धरून उभा होता, त्याला कोणी बस म्हणेना.

"मशीननं खोटं सांगतलं नाई," मनकर्णाबाईंनी सुरुवात केली. "ज्या दोन माणसांची लाळ तिले भेटली, त्याईचं एकमेकांशी नातं नाईच. पण नळीवर नाव कोणाचं हाय ते मशीनले समजते. लाळ कोणाची हाय ते समजत नाई. ते फक्त भरताना पाहणाऱ्याले समजते, अन् इथं पाहणारं कोणीच नोतं. सत्तारभाई, नळीत थुंकले तवा रंग कसा होता?"

सत्तारभाईंनी खाली पाहिलं. बिल्कीसची नजर वळली.

"लालट," ते म्हणाले.

"अन् कंपनीत पोचली ते लाळ रंगहीन, स्वच्छ. लिवून आणलं म्या. कुरियरच्या सीलबंद डब्यात लाळ धुऊन निघत नाई. म्हंजे रंग बदलला तो झाकण लागायच्या आंधी, दुपारच्या नमाजच्या येळी. तवा नळी एकाच माणसाजवळ होती." त्या ओमप्रकाशकडे वळल्या. "सांगा भाऊ."

ओमप्रकाशने चपला खाली ठेवल्या.

"भाभी, म्या नळी हुंगली. तंबाखूचा भपका आला. म्हटलं, भाभीनं ह्याले पकडाले नळी आणली. शहरात पाठवतीन, रिपोट येईन, अन् पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली कसम मोडली म्हणून घर फुटन. म्हणून म्या नळी वतली, तीन पाण्यानं धुतली, अन् माही थुंकी भरली. मी सुपारीबी खात नाई. थुंकी थुंकीच असते. तंबाखू नसली का झालं, असं वाटलं मले."

 मग जेबाला हसू फुटलं, ते तिने ओढणीत दाबलं, आणि त्याचंच रडू झालं.

"घर फुटू नये म्हणून," सत्तारभाई हळूच म्हणाले. "ओम्या, आठ दिवस मी तुह्या समोर दुकानात झोपून राह्यलो. काहून पुसलं नाई?"

"तू सांगत नोता. म्हटलं, खर्र्यावरूनच भांडण झालं असन. मी कशाले उकरू?"

प्रत्येकाने दुसऱ्याची लाज राखली होती, आणि त्या राखण्यातच घर मोडायला आलं होतं.

बिल्कीस उठली. तिने मनकर्णाबाईंकडे पाहिलं. "म्हंजे त्या कागदात माह्याबद्दल काईच नोतं."

"एक अक्षर नाई. अन् तुह्याबद्दल कागद मागायचा कोणाले हकबी नाई."

सत्तारभाई खुर्चीवरून उठले. "बिल्कीस, पुसायचं होतं, नाई पुसलं. त्या मशीनची चूक नाई. माही हाय."

"हो, तुमचीच हाय," बिल्कीस म्हणाली. तिने कमरेची किल्ली काढून पेटीवर ठेवली. "उद्या भाई येईन तं जेवून जाईन. तुमी आठ दिवस दुकानात झोपले, आता आठ दिवस सकाळचा चहा तुमी करसान. अन् ते खिशात काय हाय, ते इकडं द्या."

सत्तारभाईंनी निमूटपणे पन्नी तिच्या तळहातावर ठेवली. एका आरोपातून सुटलेला माणूस दुसऱ्यात असा रंगेहाथ सापडला, तरी त्यांच्या चेहऱ्यावर आठ दिवसांची धूळ झटकल्यासारखं दिसत होतं.

"अन् ओमभाऊ," बिल्कीस म्हणाली, "तुमी उभे काहून? बसा. खोटं बोलाले माह्याच घरचे भेटले होते का तुमाले?"

"दुसऱ्यासाठी कोण बोलते, भाभी?" ओमप्रकाश म्हणाला आणि बसला.

निघताना मनकर्णाबाईंनी त्याला अंगणात बाजूला घेतलं. "त्या कागदात आता तुमची माहिती हाय, भाऊ. पुढच्या आजारांचंबी एक पान हाय. म्या उघडलं नाई. पाह्यचं असन तं चांगल्या डाक्टरसमोर बसून पाहा. नसन पाह्यचं तं जेबा कंपनीले लिवून सगळं पुसून टाकाले लावीन. तुमाले न पुसता ते तिथं गेलं, हे काई बरं झालं नाई."

ओमप्रकाशने विचार केला. "त्यात लाल-हिरव्या मिरचीचंबी हाय का?"

"हाय."

"तुमी आत सांगतलं नाई ते."

"त्याची गरज नोती. लाळेचा रंग पुरला."

त्याने चपला पायात सरकवल्या. पलीकडे सत्तारभाई दारात येऊन उभे होते. "त्याले माहीत हाय," ओमप्रकाश म्हणाला. "पंचवीस वर्सांपासून. कधी बोलला नाई. फक्त डावी का उजवी, तेवढं सांगते. पुसून टाका बाई सगळं. माही भाजी चांगली हाय, तेवढं पुरे."

७

परतीच्या एसटीला अजून पाऊण तास होता. जेबाने अर्ज सोबतच आणला होता. तो तिने आईच्या शिवणयंत्राच्या फळीवर पसरला आणि पेन काढलं.

"थांब," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा सारखा केला, पदरावरचा रुईचा शेवटचा तंतू काढला, आणि दवाखान्याच्या खिडकीत बसल्यासारख्या ताठ बसल्या. आत सत्तारभाई चहाचं आधण ठेवत होते. ओळखीचा डबा सापडेना म्हणून फळीवरचे सगळे डबे खडखडवत होते. बिल्कीस सांगत नव्हती.

"नाव सांगा," मनकर्णाबाईंनी विचारलं.

आतला डब्यांचा आवाज थांबला.

"जेबा," ती म्हणाली, आणि मग उरलेलं स्वयंपाकघरापर्यंत, अंगणापर्यंत, पार ओमप्रकाशच्या ठेल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "जेबा अब्दुल सत्तार मन्सूरी."

"लिवा," मनकर्णाबाई म्हणाल्या. तिने लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

चार भोकं अक्षरांखाली कुठे गेली, ते नंतर कोणाला दिसलं नाही.